स्टुडिओत नॅस जोडताना

कोल्हापूर

चि. बाळास,


ताई फोनवर म्हणाली, की स्टुडिओसाठी तू दोन डिस्कची नॅस, म्हणजे नेटवर्कवरची साठवणुकीची पेटी, मागवलीस आणि ती येऊनही पडली आहे. फार चांगलं केलंस. लग्नांचे फोटो पाच-सहा पोर्टेबल डिस्कवर विखुरलेले असणं मला कधीच पटलं नव्हतं. पण पेटी चालू करण्याआधी हे पत्र सावकाश वाच. कॉम्प्युटर नॅसला जोडणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. तिच्यातलं कोणाला काय पुसता येईल हे ठरवायला मात्र अख्खी संध्याकाळ लागते, आणि ती संध्याकाळ जोडणीच्या आधी द्यायची असते. लग्न पुन्हा लागत नाही. तुझ्याकडचा मूळ फोटो गेला, तर तो जगात कुठेच उरत नाही.

आधी वायर. नॅस कॉम्प्युटरला यूएसबीनं लावायची नसते. ती लॅन केबलनं नेटवर्कला लागते आणि कॉम्प्युटरही त्याच नेटवर्कवर असावा लागतो. फायबरवाल्यानं भिंतीवर लावलेल्या डब्यावर भिस्त ठेवू नकोस. अशा काही डब्यांचे सगळे पोर्ट गिगाबिटचे नसतात. पाच पोर्टचा साधा गिगाबिट स्विच घे आणि नॅस, एडिटिंगचे दोन्ही कॉम्प्युटर व राउटरची एक वायर त्यातच खोच. मग फोटो स्विचमधूनच ये-जा करतील. इंटरनेटचा प्लॅन कितीचा आहे याचा त्यांच्याशी काही संबंध नाही, आणि नेट बंद पडलं तरी काम थांबणार नाही.

वेगाचा हिशेब करून बघ. दोन दिवसांच्या लग्नाचे रॉ फोटो साधारण दीडशे गीगाबाइट होतात असं धर. गिगाबिट जोडणीवर सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास वेग मिळतो, म्हणजे पंचवीस मिनिटांच्या आत काम होतं. तीच जोडणी शंभर मेगाबिटवर घसरली, तर पावणेचार तास लागतात. घसरायला फार काही लागत नाही. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, शंभरला दोन पुरतात. एखादी तार क्रिंपिंगमध्ये नीट बसली नसेल, तर जोडणी मुकाट्यानं शंभरवर येते. काही बंद पडत नाही, म्हणून कोणाला संशयही येत नाही. विंडोजच्या सेटिंगमध्ये इथरनेटखाली लिंक स्पीड दिसतो. तिथे १००० दिसायला हवेत. केबल कॅट सहाची, तयार टोकांची घे. वाय-फायवरून नॅस वापरू नकोस. ते मोबाइलवर फोटो दाखवण्यापुरतं ठीक आहे.

आणखी एक. फायबरच्या डब्याला तू स्वतःचा राउटरही जोडला आहेस ना? दोघेही राउटरचंच काम करत असतील, तर तुझ्याकडे दोन वेगळी नेटवर्क झाली. एका कॉम्प्युटरचा पत्ता १९२.१६८.०.२० आणि नॅसचा १९२.१६८.१.५०, असं दिसलं की समज. दोघांमध्ये भिंत आहे आणि एकाला दुसरा बहुधा सापडणार नाही. तुझ्या राउटरला अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाक, म्हणजे एकच नेटवर्क राहील. गिऱ्हाइकांना द्यायला गेस्ट वाय-फाय ठेव आणि तिथून नॅस दिसत नाही याची खात्री कर.

नॅसचा पत्ता कायमचा बांधून घे. राउटर पत्ते वाटतो आणि लाइट जाऊन आली की बदलूही शकतो. मग कालपर्यंत उघडणारा ड्राइव्ह आज उघडत नाही आणि सगळे नॅसला दोष देतात. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपी रिझर्वेशन असतं. तिथे नॅस निवडून तिला एक आकडा नेमून टाक आणि तो स्विचवर चिठ्ठी लावून लिहून ठेव.

आता माणसं आणि फोल्डर. तयार मिळणारं अ‍ॅडमिन नावाचं खातं बंद कर. व्यवस्थापनासाठी स्वतःचं वेगळं खातं कर, त्याला लांब पासवर्ड आणि दोन टप्प्यांची पडताळणी लाव, आणि ते एरवी वापरू नकोस. रोजच्या कामासाठी तुझं दुसरं, साधं खातं. अल्बम डिझाइन करणाऱ्या मुलीचं एक, दुकानात बसणाऱ्या मुलाचं एक. एकच पासवर्ड सगळ्यांनी वाटून घ्यायचा नाही. विश्वासाचा प्रश्न नाही. त्या मुलाच्या कॉम्प्युटरवर उद्या कुठून रॅनसमवेअर आलं, तर त्याच्या खात्याला जिथे जिथे लिहिता येतं तिथपर्यंत ते पोचेल. नॅसवर जोडलेला ड्राइव्ह त्याच्या दृष्टीनं सी ड्राइव्हसारखाच असतो.

म्हणून फोल्डर तीन कर. पहिल्यात कॅमेऱ्यातून आलेले मूळ फोटो. तिथे फक्त तुझ्या खात्याला लिहिता येईल, बाकीच्यांना नुसतं वाचता येईल. दुसऱ्यात चालू कामं, तिथे तिघांनाही मोकळीक. तिसऱ्यात गिऱ्हाइकाला देऊन झालेलं काम. तेही बाकीच्यांना फक्त वाचण्यापुरतं. लग्नाच्या फोल्डरचं नाव तारखेनं सुरू कर, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे ती आपोआप ओळीनं लागतील. नावं मराठीत ठेवलीस तरी चालतात. फक्त प्रश्नचिन्ह आणि अपूर्णविराम टाळ, कारण विंडोजला ते नावात चालत नाहीत.

इथवर झालं की जोडणी. विंडोजमध्ये नेटवर्कवर क्लिक केल्यावर नॅस दिसली नाही, तर घाबरू नकोस. तिथे दिसणं आणि जोडता येणं या निराळ्या गोष्टी आहेत. फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा, त्यापुढे नॅसचा आकडा लिही आणि एंटर दाब. नाव-पासवर्ड विचारेल. इथे कॉम्प्युटर उघडायचा पिन चालत नाही, मायक्रोसॉफ्टचा ईमेलही चालत नाही. नॅसवर जे खातं केलंस त्याचंच नाव आणि पासवर्ड हवा. बहुतेक जण इथेच अडकतात. फोल्डर दिसला की त्यावर उजवं क्लिक करून मॅप नेटवर्क ड्राइव्ह निवड, एक अक्षर दे आणि पुढच्या वेळी आपोआप जोडण्याची खूण कर. दोन्ही कॉम्प्युटरवर एका फोल्डरला एकच अक्षर ठेव, नाहीतर फोटो कुठे गेले म्हणून शोधाशोध होते.

कधी कधी विंडोज तक्रार करतं, की एकाच सर्व्हरला दोन वेगळ्या नावांनी जोडता येत नाही. म्हणजे आधी कोणत्यातरी दुसऱ्या खात्यानं ते जोडलं गेलं आहे. जुनी जोडणी तोड, क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये साठलेलं जुनं नाव काढून टाक, एकदा साइन आउट कर आणि पुन्हा जोड.

व्हिडिओवाल्या मित्राच्या मॅकवर सोपं आहे. फाइंडरमध्ये कमांड आणि के दाबायचं, एसएमबी, अपूर्णविराम, दोन तिरक्या रेघा आणि तोच आकडा लिहायचा.

हे एसएमबी म्हणजे कॉम्प्युटर आणि नॅस ज्या नियमांनी एकमेकांशी बोलतात ते नियम. डॉसवरच्या पीसीची ही बोली युनिक्सला यावी म्हणून अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्यानं वायरीवरून जाणारं संभाषण तपासत तपासत १९९२ च्या सुमाराला एक प्रोग्राम लिहिला. तोच पुढे सांबा झाला आणि आज बहुतेक नॅसच्या पोटात तोच चालतो. कोणाचंही ऐकून एसएमबीची पहिली, जुनी आवृत्ती चालू करू नकोस. जोडणी होत नाही म्हटल्यावर तुला हा सल्ला हमखास मिळेल. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचं रॅनसमवेअर पसरलं ते त्या जुन्या आवृत्तीतल्या खिंडारातून, आणि ब्रिटनमधली सरकारी रुग्णालयंसुद्धा त्यात अडकली. त्यानंतर मायक्रोसॉफ्टनं ती वापरातून काढत आणली. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत प्रोवर बिनपासवर्डचा गेस्ट प्रवेशही बंद आहे. तो रजिस्ट्रीत जाऊन उघडायचे उपाय लोक सांगतात. तू खाती नीट केलीस, तर त्यातलं काहीच लागणार नाही.

लाइटरूम क्लासिकबद्दल सांगायलाच हवं. फोटो नॅसवर राहू शकतात, पण त्याचा कॅटलॉग नेटवर्क ड्राइव्हवरून चालत नाही. तो एडिटिंगच्या कॉम्प्युटरच्या एसएसडीवरच ठेव आणि त्याची बॅकअप प्रत रोज नॅसवर पाठव. फोटोशॉपच्या जड फाइलीही आधी आपल्या डिस्कवर उतरवून, काम झालं की नॅसवर टाकाव्यात.

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते. नॅसमधल्या आठ-आठ टेराबाइटच्या दोन डिस्क तू एकमेकींचं प्रतिबिंब म्हणून लावशील. तशाच लाव. विंडोजला त्यात सव्वासात टेराबाइटच दिसेल, तो मोजायच्या पद्धतीतला फरक आहे. पण प्रतिबिंब म्हणजे बॅकअप असं तुला विकणाऱ्यानं सांगितलं असेल, तर ते मनातून काढून टाक. एक डिस्क बिघडली तर दुसरी काम चालू ठेवते, एवढंच तिचं काम. चुकून फोल्डर पुसलास तर दोन्हींवरून एकाच क्षणी पुसला जातो. पेटी चोरीला गेली तर दोन्ही जातात. पाणी शिरलं तरी दोन्ही जातात.

पाण्याचं मी वेगळं का सांगते हे सांगलीत राहणाऱ्याला समजवायला नको. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर आठव. तुझा स्टुडिओ तळमजल्यावर आहे. पेटी पहिल्या दिवसापासून वरच्या मजल्यावर ठेव, खाली फक्त एक लॅन केबल येऊ दे. तेवढ्यानंही भागत नाही. पूर आला की आठवडाभर तिथे पोचताच येत नाही. ताई म्हणाली, दुसरी प्रत माझ्याकडे ठेवायचा तुझा विचार आहे. माझ्याकडे नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णा आणि पंचगंगा एकाच वेळी चढल्या, तुमच्याकडे पाणी होतं तेव्हा आमच्याकडेही होतं, आणि महामार्गही बंद होता. दुसरी प्रत दुसऱ्या गावात असून चालत नाही, ती दुसऱ्या संकटात असावी लागते. जतला आजीच्या घरी ठेव. जिल्हा तोच, पण तिकडे पावसाची वाटच बघावी लागते.

दोन मोठ्या यूएसबी डिस्क घे. एक नॅसला लावून तिचा बॅकअप प्रोग्राम रात्री चालू दे, दुसरी जतला. महिन्याला कोणी ना कोणी जातंच, तेव्हा अदलाबदल करायची. दोन्हींना एन्क्रिप्शनचा पासवर्ड लाव. लोकांच्या घरच्या समारंभाचे फोटो आहेत, डिस्क बसमध्ये राहिली तर ते कोणाच्या हाती पडता कामा नयेत. तो पासवर्ड कागदावर लिहून ताईच्या कपाटात ठेव. शिवाय नॅसमध्ये स्नॅपशॉटची, म्हणजे फोल्डरची त्या क्षणीची अवस्था जपून ठेवण्याची, सोय असेल तर ती चालू कर. रोजचा एक, महिनाभराचे. चालू कामाच्या फोल्डरमध्ये कोणी काही उडवलं, तर त्यातून पाच मिनिटांत परत मिळतं.

घरून फाइल बघता याव्यात म्हणून राउटरवर पोर्ट उघडून नॅस थेट इंटरनेटवर मांडू नकोस. २०२१ मध्ये क्यूलॉकर आणि २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर प्रोग्रामांनी तसं मांडलेल्या असंख्य नॅस कुलूपबंद केल्या. आपल्याकडच्या पुष्कळ जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळतच नाही, त्यामुळे तो उद्योग बहुधा साधणारही नाही. टेलस्केलसारखा व्हीपीएन नॅसवर आणि तुझ्या फोनवर टाक. कोणताही पोर्ट न उघडता काम होतं.

यूपीएस घेच. इन्व्हर्टर आहे म्हणून टाळू नकोस. इन्व्हर्टरची बॅटरी संपत आली हे नॅसला कळत नाही. यूपीएसची यूएसबी वायर नॅसला लावली की बॅटरी उतरायला लागल्यावर ती स्वतःहून नीट बंद होते. लिहिता लिहिता वीज गेली तर फाइलच नव्हे, अख्खी मांडणी बिघडू शकते.

सगळं झाल्यावरही जुन्या पोर्टेबल डिस्क पुसू नकोस. आधी एक परीक्षा घे. जतला न्यायची डिस्क तिसऱ्याच कॉम्प्युटरला लाव, मागच्या हंगामातलं एक पूर्ण लग्न त्यावरून परत उतरव, मूळ आणि उतरवलेल्या फोल्डरमधल्या फाइलींची संख्या जुळव आणि कुठलेही वीस-पंचवीस रॉ फोटो उघडून बघ. नुसती छोटी चित्रं दिसली म्हणून पुढे जाऊ नकोस, फोटो पूर्ण आकारात उघड. एखादा जरी उघडला नाही, तर मला लगेच फोन कर, मी रविवारी येते. सगळे उघडले तर मग एकेक जुनी डिस्क रिकामी करायला घे.

ताईला नमस्कार. आजीला फोन करून कपाटातला वरचा कप्पा मोकळा करायला सांग.

तुझी,
मावशी