कमी उजेडात तगणारं झाड

नर्सरीत अरेका पाम घ्यायला गेलात की विक्रेता हमखास सांगतो, ‘बिनधास्त न्या, कमी उजेडातही तगतो.’ हा झाडाचा गुण म्हणून सांगितला जातो. पण एखादा जीव कमीत तगतो, म्हणून त्याला कमी देणं योग्य ठरतं का?

मी मानखुर्दला पुनर्वसनाच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. 225 चौरस फुटांच्या घरात बाग म्हणजे खिडकीची ग्रिल. तिथे तुळस, कोरफड आणि एक अरेका. वारा आला की झावळ्या सळसळतात आणि समोरच्या इमारतीची भिंत घटकाभर विसरायला होते. हा आनंद खरा आहे.

अरेका मूळचा मादागास्करच्या पूर्व भागातला. जमिनीत तो वीसेक फूट सहज वाढतो. कमी उजेडात पाम लगेच मरत नाही. खोडात साठवलेल्या अन्नावर तो काही महिने हिरवा दिसतो. नवी झावळी मात्र उशिरा येते, देठ उजेडाकडे ताणले जातात. आपण म्हणतो, ‘छान रुजलाय!’ तो नर्सरीतल्या उन्हाची शिल्लक खर्च करत असतो.

माणसांबद्दलही आपण असंच बोलतो. रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांत घरं गेलेली हजारो कुटुंबं लल्लूभाई कंपाउंडसारख्या वसाहतींत आली. इमारती इतक्या खेटून की खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. कोंदट, अंधारी घरं आणि क्षयरोग यांचा संबंध अशा वसाहतींच्या अभ्यासातही पुढे आला आहे. तरी कौतुक होतं ते आमच्या काटकपणाचं. हे कौतुक देणाऱ्याची सोय बघतं. ‘तगतात’ म्हटलं की आणखी काही द्यायची गरज उरत नाही.

कुणी म्हणेल, रुळांलगतच्या झोपडीपेक्षा हे बरं नाही का? बरं आहेच. पक्कं छप्पर आणि दाराला आपलं कुलूप याची किंमत मला कळते. पण आधीच्या हालांशी तुलना करून किती दिलं ते मोजता येतं, किती देणं लागतो ते नाही.

शिवाय, झाडाची आणि माणसाची बरोबरी कशी करायची? प्रश्न रास्त आहे. पामला काय हवं ते विचारता येत नाही, म्हणून त्याची पानं वाचावी लागतात. माणसाला विचारता येतं. तरीही न विचारता नकाशा काढला, तर दोष जास्तच.

मग कुंडीत पाम ठेवूच नये का? मी ठेवतो. मात्र ज्याच्यापासून आनंद घ्यायचा, त्याच्या वाढीची जबाबदारीही आपलीच, असं मला वाटतं. म्हणून कुंडी अधूनमधून गच्चीवर, टाकीच्या आडोशाला जाते. जिने चढताना दम लागतो. महिन्याभरात मधल्या कोंबातून नवी झावळी उलगडू लागते, तेव्हा कळतं, इतके दिवस झाड नुसतं तगून होतं.