ताट आणि खिडकी

पाऊस चांगला झाला आणि बोरी नदी भरून वाहू लागली, की सोलापूर-उमरग्याकडची कुटुंबे सुट्टीच्या दिवशी नळदुर्गला येतात. नर-मादीचे धबधबे पाहायचे आणि सोबत आणलेले जेवायचे. सतरंजी पसरते, दस्तरखान पडतो, बिर्याणीचे पातेले उघडते. मात्र फज्रच्या आधीपासून गॅसशी उभी असलेली बाई इथेही पातेल्याशीच असते. पुरुष आणि मुले पाणीमहाल पाहायला जातात. तिला सांगितले जाते, "तुम्ही सामानाजवळ बसा." मग ही सहल कुणाची, असा प्रश्न आम्हाला पडतो.

पाणीमहाल ही जागाच मुळी बसून पाहण्यासाठी आहे. दुसऱ्या इब्राहीम आदिलशाहच्या काळात, १६१३ च्या सुमारास, बोरीवर बंधारा घातला गेला आणि त्याच्या भिंतीच्या पोटातच दालन काढले. डोक्यावरून पाणी कोसळते आणि खिडकीसमोर पाण्याचाच पडदा असतो. पडद्याआड बसूनही सारे दिसते, असा हा पडदा.

आमच्या हॉटेलांतला पडदा निराळा. रत्नागिरीला समुद्रकाठच्या एका हॉटेलात आम्ही सगळे दुपारी जेवलो. समुद्राकडची टेबले रिकामी होती. तरी आमच्याच मंडळींनी 'फॅमिली रूम' मागून घेतली. प्लायवूडचे पार्टिशन, मळका पडदा आणि भिंतीवर समुद्राचे चित्र! खरा समुद्र पन्नास पावलांवर होता. सुरमई ताजी होती, हे कबूल. पण सुरमई घरीही तळता येते.

"इज्जतीसाठी करतो," असे उत्तर मिळते. इज्जत नको असे कोण म्हणेल? पण ज्याची इज्जत राखायची त्याला निदान विचारावे तरी. सहीह मुस्लिममध्ये हजरत अनस (रजि.) यांनी सांगितलेला प्रसंग आहे. पैगंबरसाहेबांच्या (स.) शेजारी एक इराणी राहत असे. तो रस्सा उत्तम करायचा. त्याने आपल्याला जेवायला बोलावले, तेव्हा पैगंबरसाहेबांनी हजरत आयेशांकडे (रजि.) निर्देश करून विचारले, ह्यासुद्धा? तो नाही म्हणाला. मग आपणही नाही म्हणाले. पुन्हा तेच झाले. तिसऱ्या वेळी शेजारी हो म्हणाला, तेव्हा दोघे उठून त्याच्या घरी गेले.

आपल्याकडे हा प्रसंग पतिपत्नीच्या प्रेमाची गोष्ट म्हणून सांगतात. आम्हाला त्यातला नकार मोठा वाटतो. 'मी जेवून येतो, तुमच्यासाठी पार्सल आणतो,' हा मार्ग तेव्हाही मोकळा होताच की! (आपल्या घरांत तो फारच लोकप्रिय आहे.) जिला वगळले तिच्यासाठी स्वतःचे ताट सोडणे ही किंमत आहे, आणि ती किंमत चुकवल्याशिवाय नुसती 'परवानगी' स्वस्त पडते.

काही बायकांना पडद्यातच बरे वाटते, हेही खरे. आमच्या सासूबाई चारचौघांत घास तोंडात घालायला संकोचतात. त्यांना ओढून समुद्रासमोर बसवणे हीसुद्धा जबरदस्तीच. पण त्या संकोचतात म्हणून सून, नणंद, कॉलेजात जाणारी मुलगी, सगळ्यांचेच तसे आहे, असे घरातल्या कर्त्याने परस्पर ठरवू नये.

सामान राखायला कुणीतरी हवेच. कुत्र्या-कावळ्यांची भीती असते, चपलाही असतात. मग पहिली फेरी बायकांची असू द्या. अब्बा, भाईजान तासभर पातेल्याजवळ बसतील. बिर्याणी तेवढ्यात थंड होत नाही, झाकण नीट लावले तर.