एवढ्या लांबून आणलेला जीव

पुण्याहून निघालेली गाडी मिरजेनंतर अथणीच्या रस्त्याला लागते, कृष्णा ओलांडून जमखंडीला येते आणि घटप्रभेकाठच्या मुधोळला पोचते, तोवर साडेतीनशेहून जास्त किलोमीटर मागे पडलेले असतात. गेली काही वर्षं महाराष्ट्रातून माणसं हा रस्ता एका खास कामासाठी धरतात. मुधोळ जातीचं पिल्लू घरी आणायचं असतं.

लांबुडकं तोंड, आत ओढलेलं पोट, अंगाला चिकटलेली तुकतुकीत कातडी असा हा कुत्रा. दख्खनच्या माळावर सशामागे धावण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवलेला. महाराष्ट्रात त्याच्या भाईबंदांना कारवानी म्हणतात. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात हौसेने जोपासली आणि तिची एक जोडी पाचव्या जॉर्जला भेट दिली. २००५ मध्ये हा कुत्रा टपाल तिकिटावर आला. २०१६ मध्ये त्याची पिल्लं लष्कराच्या मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणाला गेली. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचं नाव घेतलं, आणि ज्यांनी मुधोळ कधी नकाशावरही शोधलं नव्हतं तेही चौकशी करू लागले.

पिल्लू घरी आलं की पाहुण्यांना हमखास ऐकवलं जातं, ‘एवढ्या लांबून आणलंय!’ त्यात अभिमान असतो, माया असते आणि मालकीही असते. रात्रभर गाडी हाकली, पैसे मोजले, म्हणून ते आपलं. पण या अंतराने माणसाला त्या जिवावर हक्क मिळतो, की त्याच्या डोक्यावर देणं चढतं? हा प्रश्न धर्माचा आहे, आणि आपल्या परंपरेने तो फार गंभीरपणे घेतलेला आहे.

महाभारताच्या आदिपर्वात, पौष्याख्यानाच्या सुरुवातीलाच एक पिल्लू मार खाताना दिसतं. जनमेजयाचं सत्र चालू आहे, देवांच्या कुत्रीचं, सरमेचं पिल्लू तिथे येतं आणि राजाचे भाऊ त्याला झोडपतात. पिल्लाने हविर्द्रव्याला तोंड लावलेलं नाही, त्याकडे पाहिलेलंही नाही. सरमा राजाला जाब विचारायला येते. कुणी उत्तर देत नाही, तेव्हा ती शाप देते, की निरपराध्याला मारलंत, आता न दिसणारं भय तुमच्यावर येईल. त्या शापाने राजा हादरतो आणि त्याच्या निवारणासाठी पुरोहित शोधत फिरतो. हीच सरमा ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातही भेटते. इंद्राची दूत म्हणून ती रसा नदी ओलांडून पणींनी लपवलेल्या गाईंच्या शोधात जाते. इतक्या दूर कशी आलीस, म्हणून पणी चकित होतात, तिला बहीण मानून गाईंतला वाटा देऊ करतात. ती नाकारते. लांबचा पल्ला गाठून आल्यामुळे तिथल्या धनावर आपला अधिकार झाला, असं तिला वाटत नाही. ज्याने पाठवलं त्याचं काम तेवढं तिला ठाऊक आहे.

मग महाभारताचं सतरावं पर्व, महाप्रस्थानिक. द्रौपदी आणि युधिष्ठिराचे चार भाऊ वाटेत पडले. हस्तिनापुरापासून मागे आलेला कुत्रा तेवढा उरला. इंद्र रथ घेऊन येतो आणि कुत्र्याला सोडून चढायला सांगतो. कुत्रे बाळगणाऱ्यांना स्वर्गात जागा नाही, त्यांचं पुण्य क्रोधवश नावाचे गण हरण करतात, असं बजावतो. भावांना आणि पत्नीला सोडलंस, मग याला का नाही, असंही विचारतो. युधिष्ठिराचं उत्तर तपासण्यासारखं आहे. ते मेले होते, त्यांना जिवंत करणं हातात नव्हतं, जिवंतपणी त्यांना सोडलं नाही. आपल्या आधाराने आलेल्याला सोडणं मात्र त्याला ब्रह्महत्येच्या पंगतीला बसणारं पाप वाटतं.

एक फरक इथे नजरेआड करता येत नाही. तो कुत्रा स्वतःहून आला होता. मुधोळच्या गोठ्यात आईला बिलगून पडलेलं पिल्लू कुणाच्याही मागे निघालेलं नसतं. त्याला उचललं जातं. मग शरणागताचा नियम त्याला लागू होतो का? एखादा म्हणेल, हा तर साधा व्यवहार झाला, शरण कोण आलं? पण नीट पाहिलं तर उलटं दिसतं. त्या पिल्लाला आई होती, भावंडं होती, ओळखीचा वास होता. गाडीत बसवल्याच्या क्षणी ते सगळं संपलं आणि त्याला एकच माणूस उरला. युधिष्ठिराला शरणागत भेटला. पिल्लू आणणारा माणूस शरणागत स्वतः घडवतो. म्हणून त्याचं देणं युधिष्ठिरापेक्षा जड आहे, आणि प्रत्येक किलोमीटरगणिक ते वाढतं.

वयाचा हिशेबही इथेच येतो. स्कॉट आणि फुलर या अमेरिकी संशोधकांनी मेन राज्यातल्या बार हार्बर इथे वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून अभ्यास केला. त्यांचं पुस्तक १९६५ मध्ये आलं. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जगाशी नातं जोडायला शिकतं, असं त्यांना आढळलं. भावंडाला किती जोराने चावायचं, आई गुरगुरली की कधी थांबायचं, हे याच दिवसांत कळतं. भारतात २०१७ च्या नियमांनी आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला बंदी केली ती योग्यच. तरीही महिन्याभराची पिल्लं खोक्यात घालून नेली जातात, कारण लहान पिल्लू गोंडस दिसतं आणि लांबून आलेल्या गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने परतायचं नसतं. ही घाई क्रूर आहे.

इमॅन्युएल कांट हा जर्मन तत्त्वज्ञ सांगत असे, की इमानी कुत्रा म्हातारा झाला तरी धन्याने त्याला मरेपर्यंत सांभाळावं. मात्र त्याच्या मते हे कर्तव्य खरं तर माणसाप्रती असतं. जनावराशी निष्ठुर वागणारा माणसांशीही तसाच वागू लागतो. युक्तिवाद सुबक आहे, पण अपुरा. युधिष्ठिर स्वतःचं मन कोमल राहावं म्हणून थांबलेला नाही. समोरच्या जिवाचं त्याच्याकडे काही येणं आहे, एवढंच तो जाणतो.

आपला कायदा या येण्याची किंमत फार हलकी लावतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यानुसार उपासमारीने किंवा तहानेने वेदना होतील अशा स्थितीत जनावर टाकून देणं हा गुन्हा आहे आणि पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. बदली होते, घरात बाळ येतं, परदेशातली नोकरी लागते. इंद्राचा रथ असाच दारात येऊन उभा राहतो.

मुधोळच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. हा कुत्रा धावण्यासाठी घडला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर त्याचं शिकारीचं काम गेलं, पाय मात्र तेच राहिले. दोन खोल्यांच्या घरात त्याला आणायचं तर रोज पहाटे मोकळं मैदान शोधणं आलं, पावसाळ्यातही. ज्याला हे जमणार नाही त्याने आपल्याच गल्लीतलं, उभ्या टेम्पोखाली जन्मलेलं पिल्लू आणावं. त्यालाही घर हवंच आहे.

तरी मुधोळला जाऊच नये, असं म्हणणं अन्यायाचं होईल. देशी जाती टिकतात त्या सांभाळणाऱ्या घरांमुळे, आणि गावाजवळच्या तिम्मापूरला पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्रही आहे. फक्त हा प्रवास दोनदा करावा. पहिल्या खेपेला पिल्लाला हात न लावता आई पाहावी: तिच्या अंगावर मांस आहे का, ती माणसाला बुजते का, वर्षात तिची किती वेतं झाली. दुसऱ्या खेपेला तिच्या अंथरुणातलं एखादं फडकं मागून घ्यावं, म्हणजे परतीच्या वाटेवर ओळखीचा वास सोबत राहतो. लस पूर्ण झालेली नसते, तेव्हा ढाब्याच्या मातीत पिल्लू खाली सोडू नये. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने तग धरतो. आणि पैसे देण्याआधी पाळणाऱ्याला विचारावं, उद्या आमच्यावर काही वेळ आली तर हे परत घ्याल का? जो ‘केव्हाही आणा’ म्हणतो त्याच्याकडूनच घ्यावं, आणि त्याचा फोन नंबर घरातल्या सगळ्यांकडे असू द्यावा.