खाचरांचा क्रम

शेणव्याच्या शिवारात भातलावणी सुरू झाली की रस्त्यावरूनच खाचरांची जाळी नजरेत भरते. सपाटीला तीन-चार खाचरं शेजारी-शेजारी बसलेली असतात. जमीन उताराला लागली की तीच अरुंद होऊन एकाखाली एक उतरतात. बांध वळतात, आकार बदलतो. पण पाणी आधी वरच्या खाचरात भरतं आणि मगच बांधाच्या तोंडातून खालच्यात जातं. हा क्रम कुणी उलटा करू शकत नाही.

वेबपानांची जाळी, म्हणजे ग्रिड, आखणं हे माझं काम. इथन मार्कॉट यांनी मे २०१० मध्ये लेख लिहून पडद्यानुसार बदलणाऱ्या मांडणीला ‘रिस्पॉन्सिव्ह’ हे नाव दिलं: पडदा रुंद असेल तर रकाने शेजारी, अरुंद असेल तर एकाखाली एक. बहुतेक जण १२ रकाने धरतात, कारण १२ चे २, ३, ४, ६ असे सरळ भाग पडतात. हे सगळं मला पाठ होतं. तरीही मी आखलेला एक अर्ज शेजारच्या काकींनी मोबाईलवर उघडला आणि विचारलं, “अरे, आता दाबायचं कुठं?”

बटण पडद्याबाहेर होतं. मी ठेवलेले तीन रकाने मोबाईलवरही तीनच राहिले होते. त्यात एका रकान्याचा मथळा होता ‘प्रमाणपत्रासाठी’. ‘१ एफआर’, म्हणजे मोकळ्या जागेचा एक वाटा, असं माप दिलेला रकाना आपल्यातल्या सर्वांत लांब शब्दापेक्षा आपणहून अरुंद होत नाही. त्या एका शब्दाने जाळी फुगवली आणि ‘जमा करा’ हे बटण उजवीकडे ढकललं गेलं. चाचणीत मी ‘लोरेम इप्सम’ भरलं होतं. त्या लॅटिन शब्दांची लांबी ती किती! आपल्याकडे प्रत्यय शब्दालाच चिकटतात. मराठी शब्द लांबतो, आणि वर-खाली मात्रा-उकारांनाही जागा हवी असते.

डिझाइन सिस्टीममध्ये ही जाळी एकदाच ठरते आणि शेकडो पानं तीच उचलतात. म्हणून तिची मूळ मांडणी एकाच रकान्याची असावी असं माझं ठाम मत झालं आहे. दुसरा, तिसरा रकाना रुंदी मिळाली तरच वाढवावा. रकान्याचं किमान माप शून्य द्यावं, म्हणजे लांब शब्द जाळी ताणू शकत नाही. त्या शब्दाला मात्र तुटून पुढच्या ओळीत जायची मुभा द्यावी, नाहीतर तो शेजारच्या रकान्यावर चढतो. आणि डोळ्यांना बरं दिसावं म्हणून ‘ऑर्डर’ हा गुणधर्म लावून वरचं खाली करू नये. पडदा वाचून दाखवणारं टॉकबॅक मूळ कोडचाच क्रम धरतं. ज्याला दिसत नाही त्याच्यापुढे मग भलताच क्रम येतो.

ते पान मी दुरुस्त केलं. काकींच्या पडद्यावर आता नाव, गाव, कागद आणि शेवटी बटण, असं सरळ खाली उतरतं.

तुम्हीही ग्रिड आखत असाल तर पहिली चाचणी ३६० पिक्सेल रुंदीवर, खऱ्या मराठी मजकुराने करा. आणि तो मोबाईल आधी गावातल्या एखाद्या काकींच्या हातात द्या.