काटकसरीचें पुण्य

ज्या कर्मानें कर्त्याचाच खिसा भरतो त्यास पुण्यकर्म म्हणावें कीं नाहीं, हा प्रश्न जुना आहे; पण तो मला ग्रंथांत भेटला नाहीं, आमच्या मोहोळच्या एका गच्चीवर भेटला. गेल्या वैशाखांत एका स्नेह्यांकडे गेलों होतों. हे गृहस्थ निवृत्त शिक्षक असून हिशेबास पक्के आहेत. दिवस मावळला होता, तरी वारा भट्टींतून आल्यासारखा येत होता. सोलापूर जिल्ह्याचा उन्हाळा ज्यांनीं काढला आहे त्यांस अधिक सांगणें नको. गच्चीच्या एका अंगास तीन किलोवॅटचीं सोलर पॅनेलें, उरलेल्या जागेवर चुन्याचा पांढरा हात, खालीं खोल्यांतून जुन्या पंख्यांच्या जागीं निम्मी वीज खाणारे नवे पंखे. मास्तरांनीं वही उघडली. फेब्रुवारी २०२४ मध्यें सुरू झालेल्या 'पंतप्रधान सूर्यघर' योजनेखालीं त्यांस ७८,००० रुपयांचें अनुदान मिळालें होतें. दिवसास सरासरी १२ युनिटें वीज तयार होत होती. बिल जवळजवळ नाहींसें झालें होतें. वही मिटून ते म्हणाले, "पैसाहि वांचला आणि पृथ्वीवर उपकारहि झाले. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, त्यांतली गत!"

मीं म्हटलें, "मास्तर, पैसा वांचला हें खरें, पण उपकार कोणी कोणावर केले?"

ते जरा रागावलेच. घरीं परततांना मात्र माझाच प्रश्न माझ्या मागें लागला.

जर्मन तत्त्ववेत्ता कांट यानें १७८५ सालच्या आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथांत एका दुकानदाराचें उदाहरण घेतलें आहे. हा दुकानदार अजाण गिऱ्हाइकासहि फसवीत नाहीं. कारण सचोटींतच धंद्याचें हित आहे हें तो जाणतो. त्याचें वर्तन योग्य खरें, पण केवळ तेवढ्यानें त्यास नैतिक मोल येत नाहीं, असा कांटचा निवाडा. हा निवाडा मला नेहमींच थोडा कठोर वाटत आला आहे. ज्याला पुरतें माप मिळालें त्या गिऱ्हाइकास दुकानदाराच्या अंतःकरणाशीं काय कर्तव्य? वीज वांचली कीं कोळसा वांचला. सोलापूरजवळच्या १३२० मेगावॉटच्या औष्णिक केंद्रांत जळणारा कोळसा कोणाचा हेतु विचारीत नाहीं.

आणि आपल्या पूर्वजांचा हेतु तरी कोठें निराळा होता? या भागांतलीं जुनीं माळवदी घरें पाहावीं. जाड दगडमातीच्या भिंती, लांकडी तुळया, त्यांवर फळ्या, त्यांवर पाला आणि सर्वांत वर पांढरीची चिवट माती. उजेडास व धुरास वाट म्हणून छपरांत साणें. भर दुपारीं आंत पाऊल टाकलें कीं अंगावरून गार हात फिरल्यासारखें वाटे. हें सर्व कोणी पृथ्वीच्या प्रेमानें केलें नव्हतें. दगड, माती, लांकूड शिवारांत मिळे. लोखंड व सिमेंट मिळत नसे आणि परवडतहि नसे, इतकेंच. ती काटकसर गुण नव्हती, नाइलाज होता. म्हणून जुनें तेवढें सोनें असा गजर करणाऱ्यांच्या पंगतीस मी बसत नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या भूकंपांत अशाच भिंतींखालीं आणि अशाच मातीच्या छपरांखालीं हजारों माणसें झोपेंत गाडलीं गेलीं. गारवा देणारें छप्परच काळ झालें. त्यानंतर लोकांनीं पत्र्याचा आणि सिमेंटचा आश्रय घेतला, तर त्यांस नांवें ठेवण्याचा अधिकार कोणास आहे?

मास्तरांचें बोलणें मला खटकलें तें निराळ्याच ठिकाणीं. बोलतां बोलतां ते सहज म्हणून गेले कीं, बिल येत नाहीं तेव्हां यंदा दोन्ही खोल्यांत एसी बसविला. इंग्लंडांत १८६५ सालीं जेव्हन्स नांवाच्या अर्थशास्त्रज्ञानें कोळशावर ग्रंथ लिहून असें दाखविलें कीं, यंत्रें थोड्या कोळशांत अधिक काम करूं लागलीं म्हणून कोळशाचा खप घटला नाहीं, उलट वाढला. स्वस्त झालेली वस्तु मनुष्य अधिक वापरतो. पैशासाठीं केलेल्या काटकसरीस वांचलेला रुपया पुढें कोठें जातो याची चौकशी नसते. अर्थात् वैशाखांत मोहोळास राहणाऱ्या वृद्धानें एसी लावूं नये असें म्हणणें हें थंड हवेच्या गांवीं बसून सुचणारें तत्त्वज्ञान आहे, हेंहि मला कबूल आहे. आणि पलीकडच्या गल्लींत पत्र्याखालीं राहणाऱ्या भाडेकरूस तर हा वादच परका. छप्पर मालकाचें, वीजबिल भाडेकरूचें. पत्र्यास पांढरा रंग द्यावा असें मालकास वाटत नाहीं, कारण उकाडा त्याचा नव्हे, आणि भाडेकरूस वाटत नाहीं, कारण पत्रा त्याचा नव्हे.

पण दुसऱ्यांचे हेतु तपासणें सोपें असतें. माझी गच्ची सुमारें १०० चौरस मीटर आहे. एका चौरस मीटरावर एक मिलिमीटर पाऊस पडला कीं एक लिटर पाणी होतें. आमच्याकडे वर्षास ५०० मिलिमीटर पाऊस धरला तरी ५०,००० लिटर. उडालेलें, सांडलेलें वजा जातां ४०,००० तरी हातीं यावें. मीं दिवे बदलले, पंखे बदलले, सूर्यावर पाणी तापविलें. पण गच्चीचें पाणी गाळून बोअरच्या उशाशीं जमिनींत मुरविण्याचें काम मात्र पांच वर्षें लांबणीवर टाकलें. कोणी विचारलें तर सवड नाहीं म्हणें. खरें कारण वहींत होतें. दिव्याचे पैसे परत येतात. जमिनींत सोडलेलें पाणी आमच्या काळ्या पाषाणाच्या भेगांतून कोणीकडे जाईल याचा नेम नाहीं. तें माझ्या बोअरला येईल, किंवा शेजाऱ्यांच्या. आणि त्या शेजाऱ्यांशीं माझा कुंपणावरून जुना वाद! माझ्या पैशानें त्यांचा पंप चालावा हें मनास रुचेना.

त्या रात्रीं कांटचा दुकानदार मला माझ्याच रूपांत भेटला. लाभ आणि कर्तव्य हे दोघे एका वाटेनें चालले होते तोंवर मी कोणाच्या मागें चाललों आहें हें मला कळलें नव्हतें; वाट फुटली तेव्हां मी कोणाबरोबर गेलों तें या पांच वर्षांनीं सांगितलें.

ज्येष्ठांत गवंड्यास बोलाविलें. खड्डा खणला, मोठे दगड, खडी आणि वाळू यांचे थर भरले, गच्चीचे नळ एकत्र आणून त्यांत सोडले. मृगाच्या पहिल्या सरीचें मळकें पाणी बाहेर वाहूं दिलें; दुसऱ्या पावसाचें पाणी घोंगावत खड्ड्यांत उतरूं लागलें. आवाज ऐकून शेजारी छत्री घेऊन कुंपणापाशीं आले. चार वर्षांत आम्ही बोललों नव्हतों. बराच वेळ खड्ड्याकडे पाहून ते म्हणाले, "पाणी कुठं मुरतंय म्हणायचं आतां हें?"

मीं म्हटलें, "ठाऊक नाहीं. तुमच्याकडे आलें तर कळवा."