विकणाऱ्याचे मौन

खोटे बोलू नये, हे गळ्यात माळ घालणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. पण कोणी विचारलेच नाही म्हणून आपण सांगितले नाही, तर ते खोटे ठरते काय? आजच्याच एका व्यवहारावरून हा प्रश्न पाहू.

पनवेलजवळ गाढी नदीच्या बाजूस सिडकोची करंजाडे वसाहत आहे. तेथला एखादा माळकरी जुनी मोटार विकण्यास काढतो, असे समजा. मोबाइलवर छायाचित्रे टाकतो, किंमत लिहितो. सोलापुराकडील कोणी गृहस्थ ती पाहून, गाडीस हातही न लावता, पैसे धाडतो. गाडी एका पावसाळ्यात पाण्यात बुडाली होती, हे त्या बापड्यास कोठून कळावे? वरून गाडी चकचकीत; आत वायरींची टोके गंजत असतात. पुढे ती भर रस्त्यात बंद पडते. विकणारा म्हणतो, "अहो, त्याने विचारले नाही, मी खोटे बोललो नाही!"

कायदा काय म्हणतो? दोष मुद्दाम झाकून ठेवणे ही फसवणूकच. नुसत्या मौनाविषयी मात्र १८७२ च्या करार कायद्याच्या १७ व्या कलमात घोड्याचा दाखला आहे. लिलावात एकाने दोषी घोडा विकला आणि दोषाविषयी चकार शब्द काढला नाही, तर ती फसवणूक नव्हे. पण घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली लेक असेल, तर नात्यामुळे दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य होते!

सज्जनहो, येथेच आपली परीक्षा आहे. वारीत आपण अनोळखी माणसाच्या पायांवर डोके ठेवतो, त्यास माउली म्हणतो. मग सोलापूरचा तो गृहस्थ परका कसा? वाळवंटात माउली आणि सौद्यात गिऱ्हाईक, असे दोन हिशेब एका माळेखाली बसत नाहीत.

संतमेळ्यात गोरोबाकाकांनी थापटण्याने कोणाचे मडके कच्चे ते पाहिले, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो. बाजारातही मडके वाजवून घ्यायचे असते. घरबसल्या घेणाऱ्यास ती सोयच नाही. त्याच्यापुरती विकणाऱ्याची जीभ हेच थापटणे. तीच गप्प बसली तर त्याने काय करावे?

घेणाऱ्यानेही श्रद्धेच्या नावाखाली आंधळेपणा करू नये. श्रद्धा पांडुरंगावर ठेवावी, छायाचित्रावर नव्हे. ओळखीचा मेस्त्री पाठवून गाडी दाखवावी. नोंदणीपत्र, विमा, कर्जाचा बोजा तपासावा. मगच पैसे द्यावे. परंतु त्याचा गाफीलपणा हा आपल्या मौनाचा परवाना नव्हे.

कोणी म्हणेल, "महाराज, खरे सांगितले तर किंमत पडते. संसार कसा चालावा?" किंमत पडते, हे खरेच. पण तुकोबारायही दुकानदारच होते. परंपरा सांगते की, कर्जखते इंद्रायणीत सोडताना त्यांनी आपल्या वाट्याची तेवढीच सोडली. भावाच्या वाट्याची त्यास दिली. त्याग केला तो स्वतःच्या हिश्श्याचा. गाडीत पाणी शिरले तो तोटा आपल्या हिश्श्याचा. तो दुसऱ्याच्या पदरात गुपचूप टाकणे ही चोरीच होय.

म्हणून छायाचित्रांखाली पहिली ओळ लिहावी ती हीच, की गाडी पाण्यात होती. नंतर किंमत.

रामकृष्ण हरि!