दिसणारा आधार

चीनच्या शान्शी प्रांतात हंगशान पर्वताच्या उभ्या कड्याला एक लाकडी देऊळ बिलगून आहे. इ. स. ४९१ च्या सुमाराचे. बुद्ध, लाओत्सू आणि कन्फ्यूशियस तिथे एकाच दालनात बसलेत. तिघांचे असे एकत्र असणे आपल्याला, दत्तभक्तांना, नवे नाही. नवल आहे ते देवळाखालच्या बारीक, उंच खांबांचे. खरा भार पेलतात कड्यात खोल ठोकलेले आडवे वासे; त्यांचा बराच भाग खडकातच दडलेला. लोक वर चढायला भीत, म्हणून खांब मागाहून लावले, असे सांगतात. मग ही फसवणूक म्हणायची का? मला नाही तसे वाटत. घाबरलेल्या जिवाला आधी डोळ्यांना दिसेल असा आधार लागतो. आपल्या हातातली जपमाळ तरी दुसरे काय करते? मात्र खांब धरून खालीच थांबलेल्याला वरचे ते तिघे दिसत नाहीत.